पोचेपर्यंत केर नाही

अंग्रेजी मावशीच्या घरून निघालेला माणूस मुक्कामी पोचला, की मावशीला ते बसल्या जागी कळायचं. पाहुण्याला जिन्यापर्यंत सोडून ती खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत येऊन बसे, हात मांडीवर ठेवी आणि गप्प होई. मग केव्हातरी, कधी चहा निवायच्या आत, तर कधी दुसऱ्या दिवशी दुपारी, "पोचली गं" असं स्वतःशीच म्हणून उठे आणि कोपऱ्यातली केरसुणी उचले. ती चुकली असं आमच्या ऐकिवात नाही.

माणूस बाहेर पडल्याबरोबर त्याच्या पाठीमागे केर काढू नये, ही रीत महाराष्ट्रातही आहे. पण तिकडे लोक जरा वेळ थांबतात आणि झाडू मारून मोकळे होतात. झाशीत आमची मराठी घरं थोडी, भोवती सगळी हिंदी आणि बुंदेली, त्यामुळे पूर्वजांनी दक्षिणेतून येताना जे काही गाठोड्यात बांधून आणलं ते आम्ही जरा जास्तच घट्ट धरून ठेवलं. आमच्याकडे नियम सरळ होता: माणूस पोचेपर्यंत केर नाही. माझी आई घड्याळाकडे बघून अंदाज बांधायची, ग्वाल्हेरला इतका वेळ, कानपूरला इतका. मावशी घड्याळाकडे बघतसुद्धा नसे. आज माझा नवरा मोबाइलवर निळ्या ठिपक्यासारखा सरकताना मला दिसतो, आणि तरी तो नक्की कुठे आहे हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

ती माझी सख्खी मावशी नव्हती, आईची मैत्रीण होती. बड्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर तिची तीन खोल्यांची जागा होती आणि मधल्या खोलीत ती मुलांना इंग्रजी शिकवायची. म्हणून सगळ्या बाजाराची ती अंग्रेजी मौसी. बाजारातल्या मुलांना हिंदीतून शिकवायची, आम्हाला मराठीतून, आणि कुणी मधेच उठून पळायला लागलं की बुंदेलीतून हटकायची, "काए लला, कितै चल दए?" तिची शिकवण्याची तऱ्हा इतर कुणासारखी नव्हती. एक शब्द घेतला की तो आठवडेच्या आठवडे सोडायची नाही. "शब्द पाठ नका रे करू," म्हणायची, "त्याच्या घरी जाऊन चार दिवस राहा. स्वयंपाकघरात काय शिजतं ते बघा." परीक्षेच्या दृष्टीनं ही पद्धत अगदीच बेभरवशाची होती. पण तिच्याकडे शिकलेले शब्द मला अजून दगा देत नाहीत.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं डिस्टन्स हा शब्द घेतला. पहिल्या दिवशी झाशी ते चिरगाव, झाशी ते बबीना, एवढंच. आम्हाला वाटलं, झालं, संपला शब्द. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिनं आम्हाला गच्चीवर नेलं आणि किल्ला दाखवला. "इथून भिंत कशी एकसंध दिसते? जवळ जा, मग दगड कुठं कुठं फुटलाय ते दिसेल. लांबून सगळं धड दिसतं, तोही डिस्टन्स." मग ट्रकच्या मागे लिहिलेलं कीप डिस्टन्स आलं. मग म्हाताऱ्या माणसाला आपलं लहानपण जितकं लांब वाटतं ते आलं. मग लांबचे नातेवाईक. पुण्याची आमची एक आत्या दर वेळी "तुम्ही मराठी छान बोलता हं" असं म्हणायची, तिच्या आवाजात जे असायचं तेही डिस्टन्सच, असं मावशीनं सांगितलं तेव्हा मी खूश झाले. "इंग्रज मोठे काटकसरी," ती म्हणाली. "रस्ता, वर्षं आणि मनातला दुरावा, तिन्हींचं काम एकाच शब्दात उरकलं."

त्या वर्गात खालच्या भांडेवाल्यांची पिंकी होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, "मौसी, विनय भैया कितने डिस्टेंस पे हैं?"

आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. विनय हा मावशीचा एकुलता एक मुलगा. कॉलेज संपवून त्यानं बबीन्याला छावणीतल्या एका दुकानात हिशेबाची नोकरी धरली होती. आदल्या वर्षी एका दुपारी तो जेवून, पुढच्या खोलीतली आपली पिशवी घेऊन बससाठी निघाला आणि बबीन्याला पोचला नाही. बस पोचली. कंडक्टरला तो चढलेला आठवत होता, उतरलेला आठवत नव्हता. पोलिस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला, विनयच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, त्या रस्त्यावरचं गावन् गाव पालथं घातलं. काही कळलं नाही.

मावशी पिंकीवर रागावली नाही. तिनं डोळे मिटले आणि आकाशवाणीवर हवामान सांगतात तशा आवाजात म्हणाली, "बबीना जितनी दूर है, उतने. कल भी उतने ही थे." मग तिनं आम्हाला त्या शब्दाची पाच वाक्यं करायला सांगितली. माझं एकही झालं नाही.

ठिकाण ती कधीच सांगत नसे, हे मला पुढे कळलं. एकदा माझे बाबा तिच्याकडे चहा घेऊन तिथूनच कानपूरच्या बसला गेले. संध्याकाळ झाली तरी त्यांचा पोचल्याचा निरोप नाही, म्हणून आई मला घेऊन मावशीकडे आली. मावशी खुर्चीत बसलेली, घर तसंच बिनझाडलेलं. ती म्हणाली, "चिरगावाइतकं अंतर झालंय आणि दुपारपासून वाढत नाहीये. पण माणूस ठीक आहे." चिरगावापाशी बसचा एक्सल तुटून सगळे प्रवासी झाडाखाली बसले होते, हे बाबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आईनं विचारलं, तुला हे दिसतं का गं? मावशी म्हणाली, "दिसत काही नाही. कुठं आहे तेही कळत नाही. किती दूर, तेवढंच कळतं. अंगावरची शाल कुणीतरी हळूहळू ओढत नेतंय, असं वाटत राहतं. माणूस पोचला की ओढ थांबते."

तर विनयची ओढ थांबली नव्हती, म्हणून पुढची खोली झाडलेली नव्हती. बाकीचं घर ती रोज आरशासारखं लख्ख ठेवायची. पण विनय ज्या खोलीतून निघाला त्या खोलीत केरसुणी गेली नाही. दार उघडंच असे. जिन्यावरून आलं की डाव्या हाताला ती खोली लागे आणि आम्ही मुलं उजवीकडे बघत आत पळायचो. खाट, टेबल, खुंटीवरचा शर्ट, सगळ्यावर चाळून टाकल्यासारखी बारीक पिवळट धूळ. झाशीत मे महिन्यात लूचा गरम वारा वाहतो तेव्हा बाजारातली धूळ घराघरात नाचते, पण त्या खोलीतली जागची हलायची नाही. शर्टाची बाही मात्र कधीकधी हलायची. मी एकदा हे आईला सांगितलं तर तिनं माझ्या डोळ्यांना गुलाबपाणी लावलं.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं बेताचं. त्यांचा या सगळ्यावर विश्वास होता की नव्हता, ते त्यांनाच ठाऊक. पण मुलाची आशा त्यांनी सोडली होती आणि आता त्याला सुटका मिळावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. आमच्यात रीत अशी की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे अंत्यसंस्कार करायचे. बारा वर्षं झाली तसे भटजी येऊन मुहूर्त सांगून गेले. त्यासाठी घर झाडून पुसून घ्यायला हवं, म्हणजे ती खोलीही. मी तेव्हा तिथंच होते, कॉलेजच्या निबंधावर मावशीची नजर फिरवून घ्यायला आले होते.

मावशी शांतपणे म्हणाली, "पोचला असेल तर करा हो. पण वाटेतल्या माणसाचं कसं करता?"

"बारा साल कोणी वाटेत असतं का?" काका म्हणाले. एरवी ते घरात मराठीच बोलायचे. चिडले की हिंदी मिसळायची.

"रस्ता केवढा आहे ते तुम्हाला माहीत आहे का?"

काका उठले, त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. मावशीनं अडवलं नाही. बराच वेळ काका तिथं पाठमोरे उभे राहिले. मग परत आले, केरसुणी जागेवर ठेवली आणि हात धुतले. मला खाली सोडायला आले तेव्हा मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "काय सांगू मंजू. आत कुणीतरी माझं काय चाललंय ते बघत थांबलंय, असं वाटलं. मुलगा झोपलेला असला की आपण खोली झाडत नाही ना, तसं." पुतळा झाला नाही. भटजी रागावले, नातेवाइकांनी येणं कमी केलं. मला मात्र त्या दिवसापासून काकांचा फार लळा लागला. आपल्याला पटत नसलेली गोष्ट कुणासाठी तरी इतकी निमूट पाळणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. निघायच्या दिवशी मावशीनं हातावर दही घातलं आणि म्हणाली, "पोचलीस की फोनबिन नको करूस. पैसे कशाला घालवायचे." मी तरीही केला. ती म्हणाली, "कळलं गं. मघाशी अंतर वाढायचं थांबलं, तेव्हा केर काढायला उठले, तर पुन्हा वाढायला लागलं. स्टेशनवर चहा प्यायला थांबलात की काय?" आम्ही थांबलो होतो. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, आणि मग रात्री जेवताना त्यानं विचारलं, चहाचं तिला तूच सांगितलंस ना?

त्यानंतरच्या फोनांत एक नवीन गोष्ट सुरू झाली. मावशी म्हणू लागली, विनयचं अंतर कमी होतंय. इतकी वर्षं बबीन्याइतकं होतं, ते एका हिवाळ्यात त्याच रस्त्यावरच्या, पण अलीकडच्या, बिजौलीइतकं झालं. मग बरीच वर्षं तिथंच. मग हंसारीइतकं, म्हणजे शहराच्या वेशीशी. तिच्या आवाजात इतका आनंद असायचा की मला बरं वाटावं की भीती वाटावी, हेच कळेना. वीसेक किलोमीटरचा रस्ता चालायला कुणाला इतकी वर्षं लागतात? आणि इतकी वर्षं चालून जो घरी येतो तो कोण असतो? मी हे बोलले नाही. मावशी सुकत चालली होती, सणाला झाशीला जाऊन पाहावं तर दर वेळी खुर्ची तिला मोठी झालेली. जेव्हा ती म्हणाली, "आता कसा, खालच्या दुकानाइतकाच दूर आहे," तेव्हा पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात भर दुपारी मी दाराला कडी घातली.

या वर्षी उन्हाळ्यात काकांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मंजू, तिनं खोली झाडली," एवढंच म्हणाले. पुढचं मला विचारावं लागलं. सकाळी दहाच्या सुमाराला मावशी खुर्चीतून उठली, "पोचला," म्हणाली, आणि केरसुणी घेऊन पुढच्या खोलीत गेली. सगळी खोली झाडली, पुसली. मग अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, त्याच खोलीत विनयच्या खाटेवर जरा पडते म्हणाली. काका दुपारी चहाला उठवायला गेले तेव्हा ती गेलेली होती.

तेराव्याच्या आत मी झाशीला पोचू शकले नाही, मुलीची परीक्षा होती. सगळं आटपल्यावर गेले. जिना चढले आणि या खेपेला डावीकडे पाहिलं. खोली स्वच्छ होती, फरशीचा लाल रंग मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. खाटेजवळ मात्र धुळीचा एक तुकडा तसाच राहिला होता, दोन पावलं मावतील एवढा. काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. "ती झाडत होती तेव्हा मी दारातच होतो," ते म्हणाले. "त्या जागेला वळसा घालून झाडत होती. एखादा माणूस उभा असला की आपण म्हणतो ना, असू दे, असू दे, नको सरकूस. तसं म्हणत होती."

बाकीच्या घराकडे मग माझं लक्ष गेलं. मधली खोली, स्वयंपाकघर, सगळीकडे धूळ. भांडेवाल्यांची सून झाडायला आली होती, काकांनी तिला परत पाठवलं होतं. मावशीच्या खुर्चीत आता ते बसत होते, हात मांडीवर ठेवून. मला रडू आलं. मी केरसुणी हातात घेतली तशी ते म्हणाले, "नको. ती अजून पोचलेली नाही."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "काका, माझ्याबरोबर पुण्याला चला. इथं एकटे राहू नका."

"एक सांगू?" ते म्हणाले. "आपण सगळे समजत होतो विनय येतोय. तीही तसंच समजत होती. अंतर कमी होतंय, एवढंच तिला कळायचं. कोण चालतंय ते कुठं कळायचं? तो होता तिथंच होता गं. चालत हीच होती. इथं, माझ्यासमोर, रोज थोडी थोडी चालत होती आणि मी तिला चहा करून देत होतो."

खिडकीतून बाजाराचा आवाज येत होता, भांड्यांचा, रिक्षांचा. मग जी भीती वाटली ती खोटी ठरावी म्हणून मी विचारलं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं. ती गेल्यापासून मलाही कळायला लागलंय." काकांनी शाल सारखी करावी तसा खांद्यावरून हात फिरवला. अंगावर शाल नव्हती. "परवा बबीन्याइतकी दूर होती. काल बिजौलीइतकी. आज सकाळपासून हंसारी." ते किंचित हसले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा निवांत झालेलं पाहिलं. "आणि मी तर या खुर्चीतून हललेलो नाही, बेटा. तूच बघ."

संध्याकाळच्या गाडीचं माझं परतीचं तिकीट होतं, ते मी तिथंच बसून मोबाइलवर रद्द केलं. काकांना म्हटलं, मी राहते चार दिवस. त्यांनी कारण विचारलं नाही, तुझा चहा मीच करतो म्हणाले. मी निघाले असते तर मी पुण्याला पोचायची वाट त्यांनी खुर्चीत बसून पाहिली असती. आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता.